परत करायची खिडकी

परदेशातून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न 'काय काय पाहिलं?' हा विचारतात, आणि दुसरा 'तिकडे स्वच्छता फार असेल ना?' हा. दुसरा प्रश्न खरं म्हणजे प्रश्न नसतोच. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. आपण फक्त 'हो ना!' म्हणायचं, मग त्याने 'आपल्याकडे हे व्हायचं नाही' असं म्हणायचं, आणि दोघांनी मिळून चहा संपवायचा. जपानहून परतल्यापासून असे किती चहा झाले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर काही हिशेब मी मुद्दामच सोडून दिले. पण त्या 'आपल्याकडे हे व्हायचं नाही'ला मी आताशा मान डोलवत नाही. त्याचं कारण क्योतोमधला एक दिवस. आणि त्याहून जुनं एक कारण आहे, ते १९८७ सालचं.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त ओसाकात असतात. २०२४च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. वारी रजा मिळायची नाही, तेव्हा मुलीने एके दिवशी सकाळी आमच्या हाती दोन प्रवासाची कार्डं आणि जपानीत लिहिलेली एक चिठ्ठी दिली. 'बाबा, हरवलात तर ही चिठ्ठी कुणालाही दाखवा,' असं तिने बजावलं. तीस वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीला जाताना तिच्या फ्रॉकला पत्ता लिहिलेला कागद मीच टाचणीने लावला होता. फिटंफाट झाली.

केइहान रेल्वेने आम्ही आधी फुशिमी इनारीला उतरलो. इनारी ही भाताची देवता, आणि पुढे व्यापारउदिमाचीही. डोंगरभर लाल-केशरी कमानी, एकीला खेटून दुसरी. सगळ्या मिळून दहा हजारांच्या घरात आहेत म्हणतात. छायाचित्रांत फार गूढ दिसतात. चढताना आम्हीही तसेच भारावून गेलो. उतरताना मात्र खांबांच्या मागच्या बाजू समोर आल्या आणि त्यांवर काळ्या अक्षरांत उभ्या ओळी दिसल्या. त्या मंत्र नव्हेत, देणगीदारांची नावं आहेत. अमुक कंपनी, तमुक दुकान, तारीख. कमान जितकी मोठी तितकी रक्कम मोठी. हे कळल्यावर माझं मन एकदम हलकं झालं. आमच्या गावच्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं असे आणि पंखा फिरू लागला की कैलासवासी गरगर फिरत. माणूस सगळीकडे सारखाच, देवाला दिलं तरी पावती हवीच.

इथे देवाचे दूत कोल्हे. दगडी, गळ्यात लाल फडकी बांधलेले. त्यातल्या काहींच्या तोंडात किल्ली असते, भाताच्या कोठाराची. ते पाहून मी हसायलाच लागलो. ही म्हणाली, 'अहो, देवळात काय हसताय?' आता तिला काय सांगणार? स्ट्राँगरूमची एक किल्ली अधिकाऱ्याकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे, हा नियम पाळण्यात माझी उमेद गेली. जेवतानासुद्धा ती किल्ली माझ्या कमरेला असायची. त्या कोल्ह्याच्या चेहऱ्यावरचा तो ताण मी बरोबर ओळखला.

दुपारी सांजूसान्गेन्दो. सुमारे एकशे वीस मीटर लांबीचं लाकडी मंदिर, ११६४ साली बांधलं, १२४९ साली जळलं, १२६६ साली पुन्हा उभं राहिलं. आत करुणेची देवता कान्नोन, म्हणजे आपल्या बौद्ध परंपरेतला अवलोकितेश्वर, हजार आणि एक मूर्तींच्या रूपात रांगेने उभा आहे. मधली मोठी मूर्ती तेवढी बसलेली. आगीतून वाचवून बाहेर काढलेल्या १२४ मूर्ती अजून त्यांच्यात आहेत. धूर कोंडलेला असताना माणसाएवढ्या मूर्ती उचलून बाहेर धावणाऱ्या त्या कुणा माणसांची नावं कुठल्याच खांबावर नाहीत. पुढच्या रांगेत अठ्ठावीस रक्षक देवता आहेत. पाट्या वाचत गेलो तर इंद्र, ब्रह्मा, नारायण आणि गरुड. गरुड चक्क बासरी वाजवतोय! आमची ही त्याच्यापुढे बराच वेळ हात जोडून उभी होती. फार वर्षांनी मुंबईच्या नातेवाइकाकडे जावं आणि त्याने तिकडचे कपडे, तिकडची भाषा सगळं घेतलेलं असावं, तरी नाकावरून ओळख पटावी, तसं काहीसं.

पण खरं सांगायचं तर तिचं अर्धं लक्ष बाहेर होतं. आत जाताना पादत्राणं काढून साध्या फळ्यांवर ठेवायची. टोकन नाही, राखणदार नाही. तिचे बूट नवे होते. 'नव्या चपला घालून देवळात जाऊ नये' हे आपल्याकडे शहाण्या बायका मुलींना शिकवतात. देवाच्या दारातसुद्धा आपण अर्धे देवापाशी आणि अर्धे चपलांपाशी असतो. बाहेर आलो तर बूट जागच्या जागी. एवढंच नव्हे, तर ते कुणीतरी सरळ करून ठेवलेले.

इथपर्यंत मीही तुमच्यासारखाच विचार करत होतो. काय हे लोक आणि काय आपण!

सांजूसान्गेन्दोहून गिऑनकडे २०६ नंबरची बस जाते. क्योतोत बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना पैसे द्यायचे. भाडं सरसकट २३० येन. आमच्याकडे कार्डं होती, ती टेकवून उतरलो. पुढेच यासाका देवस्थान. गिऑन हे नाव म्हणजे आपल्या 'जेतवना'चं जपानी रूप, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. श्रावस्तीचा सावकार अनाथपिंडिक याने बुद्धासाठी ते उपवन विकत घेताना सगळी जमीन नाण्यांनी झाकून किंमत दिली अशी कथा आहे. भारहुतच्या शिल्पात तो प्रसंग कोरलेला आहे. एवढ्या मोठ्या रोख व्यवहाराचं शिल्प मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

या देवस्थानांत पाच येनाचं नाणं टाकायची चाल आहे. 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे ऋणानुबंध. पितळी नाणं, मधोमध भोक, वर भाताची लोंबी. माझ्या आजीच्या डब्यात भोकाचे पैसे होते, त्यांची आठवण यावी असं. हिने ते नाणं काढायला बटव्यासाठी पिशवीत हात घातला, आणि बटवा नव्हता. बसमध्ये मांडीवर होता, उतरायच्या घाईत राहिला. आत अठरा हजार येनांच्या वर रक्कम, वाचायचा चष्मा, आणि हिच्या आईची एक जुनी चांदीची डबी. पैशांचं मी हिला काही म्हणालो नाही. डबीसाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जवळच 'कोबान' होतं. कोबान म्हणजे दोन-चार शिपाई बसतील एवढीशी पोलीस चौकी. १८७४ साली टोकियोत ही पद्धत सुरू झाली आणि आज देशभर अशा सहा हजारांच्या आसपास चौक्या आहेत. पोलीस चौकीची पायरी चढताना माझी छाती धडधडत होती. हे आपलं लहानपणापासूनचं शिक्षण. आतल्या तरुण शिपायाने उठून खुर्ची दिली, फोनमधल्या दुभाष्याला पुढे केलं आणि एक छापील तक्ता काढला. बटव्याचा रंग, कापड, नोटा किती, सुटे किती, कुठल्या थांब्यावर चढलात, किती वाजता, कुठल्या बाजूला बसला होतात. त्याने एकदाही 'लक्ष कुठे होतं तुमचं?' असं विचारलं नाही. माझ्या मते जगातल्या कुठल्याही सरकारी खात्याच्या सुसंस्कृतपणाची हीच खरी परीक्षा. मग त्याने बसच्या कार्यालयाला फोन लावला, पुन्हा लावला, आणि तासाभराने फोनमधला दुभाषी म्हणाला, 'वस्तू आहे.'

संध्याकाळी त्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी बटवा आणला, आमच्यासमोर उघडला आणि आतले पैसे एका लहानशा तबकात मांडले. या तबकाविषयी थोडं सांगायला हवं. जपानमध्ये दुकानात पैसे हातातून हातात देत नाहीत. मध्ये एक तबक असतं, त्यात ठेवायचे. सुटे पैसेही त्यातच परत येतात. प्रथम मला ते सोवळं वाटलं होतं. नंतर माझ्यातला बँकवाला जागा झाला. किती दिले आणि किती घेतले हे दोघांच्याही डोळ्यांसमोर, सपाट जागेवर, क्षणभर पडून राहतं. वादाला जागाच उरत नाही. आमच्या कॅश काउंटरच्या भोकातून नोटांचं बंडल सरकवलं की पलीकडे काय होतं ते दिसत नसे. निम्मी भांडणं त्या भोकात जन्माला यायची.

अठरा हजार चारशे तीस येन. मी दोनदा मोजले, सवयीने. बटवा एका शाळकरी मुलीने चालकाकडे दिला होता, नाव न लिहिता ती निघून गेली. बक्षीस द्यायचं आहे असं मी खुणेने विचारलं तेव्हा बाईंनी मला कायदा दाखवला. हरवलेली वस्तू परत मिळाली की मालकाने शोधणाऱ्याला किमतीच्या पाच ते वीस टक्के द्यायचे. बससारख्या ठिकाणी सापडली असेल तर त्यातला निम्मा वाटा त्या संस्थेचा. तीन महिन्यांत मालक आलाच नाही तर सर्वसाधारण वस्तू शोधणाऱ्याच्या मालकीची होते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, २००७ साली ती तीनवर आणली. शोधणाऱ्याने हक्क सोडला असेल तर तसं नोंदवायचं. म्हणजे प्रामाणिकपणाला व्याजाचा दर आहे, मुदत आहे, नोंदवही आहे! एकट्या टोकियोत वर्षाकाठी चाळीस लाखांहून अधिक वस्तू पोलिसांकडे अशा जमा होतात. एवढे संत कुठल्याच शहरात राहत नाहीत.

आणि तसे ते तिथेही राहत नाहीत. मुलीची छत्री एका दुकानाबाहेरून दोनदा गेली. छत्र्यांचे कुलूपवाले स्टँड मी ओसाकात स्वतः पाहिले. सायकली जातात म्हणून प्रत्येक सायकलीची नोंदणी करावी लागते. पन्नास येन खर्चून छत्रीसाठी कुणी पोलिसात जात नाही, तिथे जपानी माणूसही पाऊस बघून हात लांब करतो. जिथे परत करायची वाट आखून ठेवली आहे तिथे वस्तू परत येते. नाही तिथे येत नाही. गिऑनच्या खासगी गल्ल्यांत तर पाहुण्यांनी इतका उच्छाद मांडला की २०२४ साली रहिवाशांनी त्या गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. त्या पाटीपुढे उभं राहून मी निमूट चपला फिरवल्या. आपणही त्या पाहुण्यांतलेच.

आता १९८७. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. हेड कॅशियरना सगळे तात्या म्हणत. एका गुरुवारी संध्याकाळी रोकड जुळेना. हजार रुपये कमी. दहाच्या नोटांचं एक बंडल. रात्री साडेनऊपर्यंत वाउचरं चाळली, टेबलाखाली रांगलो, कचऱ्याच्या टोपल्या उलट्या केल्या. नियमाप्रमाणे तात्यांनी पैसे भरले. त्या काळात हजार रुपये म्हणजे त्यांच्या पगाराचा मोठा तुकडा. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या हे मला नंतर कळलं. आणि मी काय केलं? अहवालात मी एक वाक्य लिहिलं. 'संबंधितांच्या सचोटीविषयी निश्चित मत देता येत नाही.' अठ्ठावीस वर्षांचा होतो. नियमाचं पुस्तक पाठ होतं आणि आपण चुकू शकतो याची शंका अजून यायची होती. असं वाक्य लिहिणाऱ्याला फार सोयीचं असतं, कारण त्यात खोटं काहीच नसतं.

आठ दिवसांनी मी चहाला बाहेर पडलो तर कडुलिंबाखाली एक म्हातारा बसलेला. मला बघून उठला, धोतराच्या केळ्यातून फडकं काढलं. आत बंडल. उसाच्या बिलाचे तीन हजार त्याने काढले होते, तीन बंडलं मिळायची तिथे चार आली. घरी जाऊन कळलं. दुसऱ्याच दिवशी तो आला होता. त्याच्या गावची एस. टी. तीनला पोचायची आणि आमचं व्यवहाराचं दार अडीचला बंद. रखवालदाराने सांगितलं, उद्या या. उद्या शनिवार, बाराला बंद. सोमवारी तो गाडी सोडून चालत, वेळेत आला आणि रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर खिडकीतून विचारलं गेलं, 'टोकन?' त्याच्याकडे टोकन कुठलं? टोकन पैसे न्यायला आलेल्याला मिळतं. 'मग विचारपूस खिडकीवर जा.' विचारपुशीच्या खिडकीत कुणी बसतच नसे. चारचौघांत 'माझ्याकडे बँकेचे हजार रुपये जास्तीचे आहेत' असं मोठ्याने म्हणायची त्याला भीती वाटली. चोर म्हणाले तर? म्हणून तो झाडाखाली बसू लागला, ओळखीचा साहेब बाहेर येईल म्हणून. असे तीन दिवस.

'साहेब, तुमच्या बँकेत पैसे काढायला जागा आहे, भरायला जागा आहे,' तो म्हणाला. 'परत करायला नाही.'

तात्यांना हजार रुपये मिळाले, पाटल्या सुटल्या. माझ्या अहवालाखाली मी दुसरं टिपण जोडलं. पण वरचं वाक्य खोडता येईना. लिहिलेलं खोडायचं नाही, हाही नियमच. त्या वर्षी बढतीच्या यादीत तात्यांचं नाव नव्हतं. त्या एका वाक्यामुळेच नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नव्हतं, एवढं खरं. ते मला कधी काही बोलले नाहीत. दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचा डबा येत राहिला आणि त्यातली चकली दर वर्षी माझ्या घशात अडकत राहिली.

म्हणून 'आपल्याकडे हे व्हायचं नाही' हे ऐकलं की मला तो म्हातारा दिसतो. आपल्या वर्तमानपत्रांत दर आठवड्याला एखादी चौकट असते, 'रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा' किंवा 'वाहकाने परत केली दागिन्यांची पिशवी'. शाल, श्रीफळ, पोलीस निरीक्षकांबरोबर फोटो. ती बातमी छापू नये असं मी म्हणत नाही. पण तो रिक्षावाला त्या बाईचं घर शोधत अर्धा दिवस फिरलेला असतो, त्या दिवसाची कमाई गेलेली असते, आणि पोलीस ठाण्यात त्यालाच दोन तास बसवून 'तुला कुठे सापडली?' म्हणून उलट तपासलेलं असतं. एवढं सोसून परत करणाऱ्याला प्रामाणिक नव्हे, शूर म्हणायला हवं. त्या शाळकरी मुलीला शौर्याची गरजच पडली नाही. चालकाच्या हाती बटवा द्यायला तिला अर्धं मिनिट लागलं असेल.

आपल्याला व्यवस्था बसवता येत नाही, हेही मला पटत नाही. मुंबईचे डबेवाले झाकणावरच्या चार खुणांवर रोज लाखोंच्या घरात डबे इकडून तिकडे नेत आले, आणि रिकामा डबा संध्याकाळी बरोबर त्याच घरी परत. 'परत' हा शब्द त्या धंद्याच्या मुळाशीच आहे. शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत. यूको बँकेने २०११ साली तिथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा आम्हा बँकवाल्यांत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दिसेल असं कुलूप नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं आतल्या गोटातले लोक हसून सांगत. पण तिथे राखण देवाच्या धाकाची आहे. तो धाक गावाच्या वेशीबाहेर किती चालतो ते आपण जाणतो. मला हवी आहे ती साधी खिडकी. प्रत्येक एस. टी. आगारात, रेल्वे स्टेशनात, बँकेत, दवाखान्यात. वर ठळक अक्षरांत 'सापडलेली वस्तू येथे द्या'. आत एक माणूस, एक वही आणि देणाऱ्याला पावती. बसमागून निघणाऱ्याची बस चुकणार नाही इतक्या लवकर. आणि देणाऱ्याला कुठलाही प्रश्न 'तू' म्हणून विचारायचा नाही. याला किती खर्च येईल त्याचा आकडा मी काढू शकतो, अजून तेवढा हात चालतो.

जपानच्या दहा हजार येनांच्या नव्या नोटेवर जुलै २०२४ पासून शिबुसावा एइइची यांचं चित्र आहे. १८७३ साली त्यांनी तिथली पहिली आधुनिक बँक उभी केली. नोटेवर राजा नाही, सेनापती नाही, बँकवाला! मुलीने मला तशी एक कोरी नोट दिली होती, 'बाबा, तुमच्या जातीचा माणूस,' म्हणून. तीही त्या बटव्यातच होती आणि तबकात सगळ्यांत वर ठेवलेली होती.

त्या रात्री केइहानने परतताना हिने चांदीची डबी उघडून पाहिली, पुन्हा मिटली. मग म्हणाली, 'अहो, देवळात नाणं टाकायचं राहिलंच.' मी म्हटलं, राहू दे. ते भोकाचं नाणं मी घेऊन आलो आहे. तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा सांगलीला असतो. येत्या दिवाळीला मी तिकडे जाणार आहे, या खेपेस फराळाचा डबा घेऊन मी. ते १९८७ सालचं वाक्य मी लिहिलं होतं हे त्याला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. आधी ते सांगेन, मग डबा देईन.